बुधवार धरून आखलेले कोरियाचे पाच दिवस

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानी सैन्याने लैंगिक गुलामीत डांबलेल्या बायकांच्या आठवणींच्या जागा बघण्याची ही सहल. त्यांच्यासाठी सोलमध्ये दर बुधवारी निदर्शन होतं, म्हणून तिकीट काढण्याआधी एकच गोष्ट बघायची, मुक्कामात बुधवार येतो का. बाकी सगळं त्याच्या मागेपुढे बसवता येतं. सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद असतात, म्हणून सोमवारी उतरावं आणि मंगळवारपासून सुरुवात करावी. फिरण्यासाठी बस-मेट्रोचं टी-मनी कार्ड आणि नकाशाचं नेव्हर मॅप हे अ‍ॅप पुरतं. पत्ते कोरियन लिपीत लिहून जवळ ठेवावेत, कारण रोमन अक्षरांतल्या पत्त्यावर टॅक्सी नको तिथे नेते.

आधी या बायकांसाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दाचं बघू. 1930 च्या दशकापासून 1945 पर्यंत जपानी सैन्याने आपल्या तळांलगत 'विश्रांतिगृहं' चालवली. कोरिया, चीन, तैवान, फिलिपिन्स, इंडोनेशिया अशा देशांतल्या मुली फसवून किंवा जबरदस्तीने आणून तिथे डांबल्या. त्यांना 'इआन्फु' म्हणायचे, कोरियन उच्चार 'वीआन्बू'. अर्थ काय, तर दिलासा देणारी बाई. इंग्रजीतून आपल्याकडे आलेला 'कम्फर्ट वुमन' हा त्याचाच तर्जुमा. कोरियात हा शब्द छापताना अवतरणचिन्हात टाकतात, कारण तो अत्याचार करणाऱ्यांनी दिलेला आहे. बोलताना मात्र सगळे 'हाल्मोनी' म्हणतात, म्हणजे आजी. तुम्हीही तेच म्हणा.

पहिला दिवस, मंगळवार: गल्लीतलं संग्रहालय

'युद्ध आणि महिला मानवाधिकार संग्रहालय' मापो भागात सोंगसान-दोंगला आहे. होंगिक युनिव्हर्सिटी स्टेशनला उतरून पुढे बस किंवा टॅक्सी करावी. बाहेरून ते राहतं घरच वाटतं, आणि पहिल्यांदा जाणारे हमखास पुढे निघून जातात. ते इथे असण्यामागेही एक कारण आहे. मूळ बेत सोदेमूनच्या स्वातंत्र्य उद्यानात, जपानी अमदानीतल्या तुरुंगाशेजारी ते बांधण्याचा होता. स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांच्या संघटनांनी हरकत घेतली. हुतात्म्यांच्या जागेत हे नको, असं त्यांचं म्हणणं. शेवटी एक जुनं घर विकत घेऊन 5 मे 2012 रोजी संग्रहालय उघडलं. त्यासाठी जपानमधल्या सामान्य नागरिकांनीही देणग्या दिल्या. आपल्या माणसांनी नाकारलेली जागा आणि परक्यांनी दिलेले पैसे, हे दोन्ही ध्यानात ठेवून आत शिरावं.

तिकिटावर एका हाल्मोनीची माहिती असते. ते खिशात कोंबू नका, आतला प्रवास तिच्या सोबतीने करायचा आहे. सुरुवातीला खडीची अरुंद वाट आहे. पायाखाली खडी करकरते आणि आजूबाजूला युद्धाचे आवाज येतात. सपाट तळव्याची चप्पल किंवा बूट घालावेत. मग अंधारं तळघर, आणि तिथून वर येताना जिन्याच्या भिंतीवर हाल्मोनींची वाक्यं.

चूक होते ती वरच्या मजल्यावर. तळघरातून आलेला माणूस दमलेला असतो आणि कागदपत्रांच्या कपाटांपुढून झपझप निघून जातो. खरं तर दोन तासांतला एक तास इथेच द्यायला हवा, कारण सगळा वाद कागदाचा आहे. जून 1990 मध्ये जपान सरकारने संसदेत सांगितलं की या बायकांना खासगी दलाल घेऊन फिरत होते. ते ऐकून किम हाक-सुन या हाल्मोनी पुढे आल्या. 14 ऑगस्ट 1991 रोजी कोरियात त्यांनी स्वतःचं नाव आणि चेहरा लपवून न ठेवता साक्ष दिली, आणि डिसेंबरात टोकियोत दावा लावला. मग इतिहासकार योशिमी योशिआकी यांनी जपानच्या संरक्षण खात्याच्या ग्रंथालयातून कागद शोधून काढले, आणि 11 जानेवारी 1992 ला ते वर्तमानपत्रात आले. त्यातलं 4 मार्च 1938 चं युद्धमंत्रालयाचं पत्र बघण्यासारखं आहे. मुली गोळा करणाऱ्या दलालांची निवड नीट करा, स्थानिक पोलिसांशी संधान ठेवा, सैन्याच्या अब्रूला धक्का लागू देऊ नका, असा त्याचा मथितार्थ. अशी पत्रं समोर आल्यावर सैन्याचा संबंध नाकारणं अवघड झालं. 4 ऑगस्ट 1993 च्या कोनो निवेदनात, म्हणजे मुख्य कॅबिनेट सचिव कोनो यांच्या सरकारी निवेदनात, जपानने सैन्याचा सहभाग मान्य केला.

भारतीय वाचकाने आणखी एक कागद माहीत करून घ्यावा. ब्रह्मदेशातलं मिचिना ऑगस्ट 1944 मध्ये पडलं, तेव्हा 20 कोरियन मुली अमेरिकनांच्या हाती लागल्या. त्यांची चौकशी आपल्या आसामात, लेडोच्या कैदीतळावर झाली. अहवाल क्रमांक 49, तारीख 1 ऑक्टोबर 1944. हा अत्याचार नाकारणारे या अहवालाच्या प्रस्तावनेतली एक ओळ फडकवतात, कारण लिहिणाऱ्याने तिथे या मुलींना सरळ वेश्या म्हटलं आहे. त्याच अहवालात थोडं पुढे वाचलं तर सगळं चित्र पालटतं. कामाचं स्वरूप मुलींना सांगितलेलंच नव्हतं. जखमींची विचारपूस, बँडेज गुंडाळणं असं काहीतरी असेल, असा त्यांचा समज. घरच्यांना उचल दिलेली, आणि ती फिटेपर्यंत सहा महिने ते वर्षभर त्या बांधलेल्या. उचल देऊन माणूस बांधून ठेवणं म्हणजे काय, हे ऊसतोडीच्या मुलखातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. कोणी हा अहवाल तोंडावर फेकला, तर पुढचा परिच्छेद वाचायला सांगावा.

शेवटच्या भागात गडद विटांच्या भिंतीवर गेलेल्यांचे फोटो आणि मृत्यूच्या तारखा आहेत. विटांमधल्या फटीत लोक फुलं खोचतात. शेजारी आजच्या युद्धांबद्दल मांडणी आहे, आणि त्यात व्हिएतनाममध्ये कोरियन सैनिकांनी केलेल्या अत्याचारांचाही विषय आहे. स्वतःच्या सैन्याला बाहेर ठेवलं असतं तर हे संग्रहालय निम्म्या किमतीचं झालं असतं. 8 मार्च 2012 रोजी किम बोक-दोंग आणि गिल वॉन-ओक या दोन हाल्मोनींनी 'फुलपाखरू निधी' जाहीर केला. जपानकडून भरपाई मिळाली, तर ती काँगोसारख्या ठिकाणच्या बायकांना जाईल. भरपाई आली नाही. निधी लोकांच्या पैशावर सुरू झाला आणि मदत गेली. किम बोक-दोंग जानेवारी 2019 मध्ये गेल्या, गिल वॉन-ओक फेब्रुवारी 2025 मध्ये.

दुसरा दिवस, बुधवार: बारा वाजता

अंगुक स्टेशन, 6 क्रमांकाचा दरवाजा. तिथून चालत काही मिनिटांत जपानी वकिलातीची जुनी जागा. साडेअकराला पोचावं. 8 जानेवारी 1992 रोजी, जपानचे पंतप्रधान मियाझावा सोलला येणार होते त्याच्या आधी, इथे पहिलं निदर्शन झालं. दर बुधवारचं हे निदर्शन 1000 वं झालं 14 डिसेंबर 2011 ला, 1700 वं 14 मे 2025 ला. 1995 च्या जानेवारीत कोबेला भूकंप झाला तेव्हा ते रद्द केलं होतं. 2011 च्या त्सुनामीनंतर घोषणा न देता शांतपणे उभं राहून जपानमधल्या मृतांना आदरांजली वाहिली.

एक तासाचा कार्यक्रम असतो. एक गाणं, गेल्या आठवड्यात काय झालं त्याचा अहवाल, मग वेगवेगळ्या शाळा-संघटनांची छोटी भाषणं आणि शेवटी निवेदनाचं वाचन. शाळेची मुलं स्वतः रंगवलेले फलक आणतात. भाषा कळत नसली तरी क्रम कळतो.

आता अडचण. कोरियाच्या कायद्याप्रमाणे सभेची नोंद पोलिसांकडे 720 तास आधीपासून 48 तास आधीपर्यंत करावी लागते. म्हणजे जागा तीस दिवस आधी खुली होते, आणि पहिला नंबर लावेल त्याची. 2020 पर्यंत हे कोणी वापरलं नाही. मग विरोधी गटांनी आधी नंबर लावून, वकिलातीसमोर हाल्मोनींच्या आठवणीत बसवलेल्या मुलीच्या पुतळ्यासमोरची जागा अडवायला सुरुवात केली, आणि 24 जून 2020 चं निदर्शन काही मीटर बाजूला सरकवावं लागलं. त्याच महिन्यात पोलिसांनी पुतळ्याभोवती लोखंडी कठडे लावले. म्हणून पुतळ्यापाशीच जमायचं असं धरून चालू नका. पिवळे-जांभळे फलक दिसतील तिकडे जा. दुसऱ्या बाजूचे भोंगेही मोठे असतात. हाल्मोनींबद्दल घाणेरडं बोललं जातं. तिथे वाद घालू नये, मोबाइल रोखून चित्रण करू नये. परदेशी माणसाने राजकीय हालचालींत भाग घेऊ नये असं कोरियाचा आप्रवासन कायदाही सांगतो. ऐकायला उभं राहणारे परदेशी पुष्कळ असतात, पण पक्षाचा किंवा निवडणुकीचा फलक हातात घेऊ नका.

कार्यक्रम संपला की पुतळा निवांत बघावा. 'सोन्योसांग', म्हणजे मुलीचा पुतळा. किम सो-क्योंग आणि किम उन-सोंग या दांपत्याने घडवलेला, ब्राँझचा, बसलेल्या मुलीच्या मापाचा. तो जमिनीच्याच पातळीवर आहे, म्हणून समोर उकिडवं बसावं. केस कात्रीने सारखे कापलेले नाहीत, वेडेवाकडे तुटल्यासारखे आहेत. मांडीवर मुठी आवळलेल्या. डाव्या खांद्यावर पक्षी. पाय अनवाणी आहेत आणि टाचा जमिनीला टेकलेल्या नाहीत. परत आल्यावरही ज्यांना मायदेशी पाय टेकता आले नाहीत, त्यांच्या या टाचा. मागे जमिनीवर काळ्या दगडाच्या तुकड्यांची सावली आहे. ती मुलीची नाही, कमरेत वाकलेल्या म्हातारीची आहे, आणि तिच्या छातीपाशी पांढरं फुलपाखरू. शेजारची खुर्ची रिकामी आहे. कठडे नसतील तर तिच्यावर बसता येतं, फक्त पिशव्या ठेवायला ती वापरू नये. थंडीत कोणीतरी पुतळ्याला विणलेली टोपी आणि मोजे घालून गेलेलं असतं. ते काढायचे नसतात.

तिसरा दिवस, गुरुवार: नाम्सान आणि कोर्ट

नाम्सान टेकडीच्या उतारावर रेसिडेंट-जनरलचा, म्हणजे कोरियावर नेमलेल्या जपानी प्रमुख अधिकाऱ्याचा, बंगला होता. 22 ऑगस्ट 1910 रोजी कोरिया जपानला जोडण्याचा करार तिथेच झाला. त्या जागी 29 ऑगस्ट 2016 ला 'स्मरणाची जागा' झाली. जुन्या माहितीपत्रकांत तिथल्या दोन दगडी शिल्पांची वर्णनं वाचायला मिळतात, पण ती आता शोधू नका. शिल्पकाराला लैंगिक छळाच्या खटल्यात 2023 च्या ऑगस्टमध्ये शिक्षा झाली, आणि सप्टेंबरात महापालिकेने शिल्पं उखडली. स्त्री संघटनांनीच पाडकामाला विरोध केला. त्यांचं म्हणणं असं की दगडावर हाल्मोनींची नावं आणि शब्द आहेत, आधी ते कुठे जाणार ते ठरवा, घाईने बुलडोझर नको. आम्हाला दोन्ही बाजू पटतात, पण घाई पटत नाही. त्याच आवारात जपानी राजदूत हायाशी गोन्सुकेच्या पुतळ्याच्या चौथऱ्याचे दगड मुद्दाम उलटे बसवले आहेत, ते चुकवू नयेत.

वर, जुन्या जपानी देवळाच्या जागेजवळ, 14 ऑगस्ट 2019 ला बसवलेलं दुसरं शिल्प आहे. कोरियन, चिनी आणि फिलिपिनो अशा तीन मुली हातात हात धरून उभ्या, आणि बाजूला किम हाक-सुन त्यांच्याकडे बघताहेत. कडं एका ठिकाणी मुद्दाम उघडं आहे. तिथे उभं राहून दोन्हीकडचे हात धरायचे. हे सॅन फ्रान्सिस्कोतल्या शिल्पाचं भावंड. त्या शिल्पावरून 2018 मध्ये ओसाकाने सॅन फ्रान्सिस्कोशी असलेलं भगिनी-शहराचं नातं तोडलं होतं.

दुपारी तीन नंबरच्या लाइनने ग्योदे स्टेशनला उतरून सोल मध्यवर्ती जिल्हा न्यायालय बाहेरून बघावं. बघायला इमारतच आहे, पण न्यायाचं गाडं कुठे अडलं ते इथे समजतं. 12 हाल्मोनींनी 2013 मध्ये जपानकडून भरपाईसाठी तडजोडीचा अर्ज केला. जपानने कागदच स्वीकारले नाहीत. 2016 मध्ये त्याचा दावा झाला, तरी समन्स परत. शेवटचा उपाय म्हणजे जाहीर नोटीस. परदेशातल्या पक्षकारासाठी ती लावल्यावर दोन महिन्यांनी समन्स बजावलं असं धरतात. 8 जानेवारी 2021 ला निकाल लागला, प्रत्येकी 10 कोटी वॉन. एका राज्याला दुसऱ्या राज्याच्या कोर्टात खेचता येत नाही हा सार्वभौमत्वाचा बचाव या गुन्ह्याला लागू नाही, असं कोर्टाने म्हटलं. जपानने अपील केलं नाही, निकाल कायम झाला. तीनच महिन्यांनी, 21 एप्रिलला, त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने दुसऱ्या गटाचा दावा त्याच बचावावर फेटाळला. उच्च न्यायालयाने 23 नोव्हेंबर 2023 ला तो फिरवून प्रत्येकी 20 कोटी वॉन दिले. एप्रिल 2025 मध्ये चोंगजूच्या न्यायालयानेही तसाच निकाल दिला.

जिंकलं, पण वसुलीचं घोंगडं भिजतच आहे. कोरियातली जपानची मालमत्ता म्हणजे मुख्यतः वकिलात, आणि तिला व्हिएन्ना कराराचं संरक्षण. शिवाय 1965 च्या करारात सगळं मिटलं असं जपान म्हणतो. 28 डिसेंबर 2015 ला दोन्ही सरकारांनी 1 अब्ज येनची तडजोड केली, हाल्मोनींना न विचारता. तेव्हा 47 जणी हयात होत्या. बऱ्याच जणींनी पैसे घेतले, काहींनी नाकारले, आणि त्यासाठी काढलेलं प्रतिष्ठान 2019 मध्ये गुंडाळलं गेलं. पैसे घेणारीला नावं ठेवू नयेत. नव्वदीत औषधाचा खर्च असतो.

डिसेंबर 2000 मध्ये टोकियोत जनतेचं न्यायाधिकरण भरलं, त्याच्या न्यायाधीशांत भारताचे माजी सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांचं नाव होतं. आजारपणामुळे त्यांना बसता आलं नाही. त्या न्यायाधिकरणाने सम्राट हिरोहितोला दोषी धरलं. अंमलबजावणीची ताकद त्याच्याकडे नव्हती, पण साक्षी रीतसर नोंदल्या गेल्या.

चौथा दिवस, शुक्रवार: ग्वांगजू, पण कुठलं?

'नानुमे जिप', म्हणजे वाटून घेण्याचं घर, ग्वांगजूला आहे. कोरियात ग्वांगजू दोन. एक नैर्ऋत्येला, 1980 च्या उठावाचं मोठं शहर, आणि एक सोलजवळ ग्योंगी प्रांतात. आपल्याला दुसरं हवं. वेगवान रेल्वेचं तिकीट हातात आलं असेल तर तुम्ही चुकलात. मेट्रोने 'ग्योंगी-ग्वांगजू' स्टेशनला उतरून तोएचोनपर्यंत टॅक्सी करावी. बस विरळ आहेत, परतीची टॅक्सी आधीच सांगून ठेवावी. जाण्याआधी फोन करणं आवश्यक आहे.

हाल्मोनींसाठीचं हे घर 1992 मध्ये सोलला सुरू झालं, 1995 मध्ये इथे आलं, आणि 14 ऑगस्ट 1998 ला शेजारी संग्रहालय उघडलं. विश्रांतिगृहातली एक खोली हुबेहूब उभी केली आहे. पलंग आणि पाण्याचं भांडं, एवढंच मावतं. सैन्याने वाटलेले निरोधही मांडले आहेत. पाकिटावरच्या जपानी नावाचा अर्थ 'हल्ला क्रमांक एक'. दलालाच्या धंद्याला सैन्य स्वतःच्या छापाचा माल पुरवत नाही, एवढं त्या पाकिटावरून कळतं. पण जास्त वेळ चित्रांपाशी द्यावा. कांग दोक-ग्योंग हाल्मोनींनी उतारवयात ब्रश हाती घेतला. फुललेल्या चेरीच्या बुंध्यात सैनिक आहे, मुळाशी कवट्या, आणि खाली चेहरा झाकून पडलेली मुलगी. चेरीचा बहर म्हणजे जपानची शोभा, असं शिकवून वाढवलेल्या पिढीतल्या बाईने ते झाड असं रंगवलं आहे.

2020 मध्ये याच घरातल्या कर्मचाऱ्यांनी देणग्यांचा गैरकारभार उघड केला. चौकशीत निघालं की पाच वर्षांत जमलेल्या सुमारे 8.8 अब्ज वॉनपैकी हाल्मोनींच्या निवासाकडे जेमतेम 20 कोटी पोचले. देणगी द्यायची असेल तर कुठल्या खात्यात, कशासाठी, आणि हिशोब कुठे छापतात हे तिघांनाही विचारा: संस्थेला, बाहेरच्या माहितगाराला आणि स्वतःला. संकोच करण्यासारखं त्यात काही नाही.

पाचवा दिवस, शनिवार: चोनान, मग देगू

सोलहून केटीएक्स या वेगवान रेल्वेने चोनान-आसान, तिथून टॅक्सीने राष्ट्रीय मांगह्यांग स्मशानभूमी. परदेशात मेलेल्या कोरियनांसाठी 1976 मध्ये केलेली ही जागा. किम हाक-सुन इथे आहेत. 16 डिसेंबर 1997 ला त्या गेल्या, टोकियोतला दावा निकाली निघण्याआधीच. फुलं स्टेशनजवळच घ्यावीत. रीत म्हणजे गुडघे टेकून दोन वेळा वाकणं. 14 ऑगस्ट हा आता सरकारी स्मरणदिन आहे आणि 2018 चा पहिला समारंभ इथेच झाला. त्या दिवशी यायचं असेल तर ऑगस्टचा उकाडा आणि बंदोबस्त गृहीत धरा.

इथेच एक वेगळा दगड होता. योशिदा सेइजी या जपानी माणसाने, आपण स्वतः मुली पळवून आणल्या असं सांगत, 1983 मध्ये माफीचा दगड बसवला. पुढे त्याची कहाणी खोटी ठरली. ती छापणाऱ्या जपानी वर्तमानपत्राने 2014 मध्ये बातम्या मागे घेतल्या, आणि 2017 मध्ये एका जपानी माणसाने येऊन त्या दगडावर दुसरी शिळा चिकटवली. एका खोट्या साक्षीने शेकडो खऱ्या साक्षींना किती वर्षं मागे ओढलं, त्याचा हिशोब नाही. म्हणून साक्ष सांगताना नाव, ठिकाण आणि साल जुळवूनच सांगावं.

पुढे केटीएक्सने दोंगदेगू. 'हीउम' संग्रहालय जुन्या देगूत, जपानी काळातल्या दुमजली इमारतीत आहे. 5 डिसेंबर 2015 ला उघडलं. सुरुवातीचा पैसा किम सुन-आक हाल्मोनींनी मरताना ठेवलेला. लाकडी जिना अरुंद आहे, पाठीवरची सॅक खाली ठेवा. देगू हे ली योंग-सू यांचं गाव. 1944 मध्ये त्यांना तैवानला नेलं, 2007 मध्ये त्यांनी अमेरिकी संसदेत साक्ष दिली, आणि 2023 मध्ये जिंकलेल्या दाव्यात त्या वादी आहेत. मे 2020 मध्ये याच शहरात पत्रकारांना बोलावून त्यांनी बुधवारच्या निदर्शनांचा पैसा जातो कुठे, असा उघड सवाल केला. चळवळीच्या तेव्हाच्या प्रमुखांवर खटला चालला, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. सरकारदरबारी नोंद झालेल्या हाल्मोनी 240. मे 2025 मध्ये त्यांतल्या सहा उरल्या होत्या.

खालच्या मजल्यावर दुकान आहे. किम सुन-आक आणि शिम दाल-योन या हाल्मोनी म्हातारपणी उपचार म्हणून दाबून वाळवलेल्या फुलांची चित्रं करायच्या. तीच नक्षी पिशव्यांवर आणि पाकिटांवर छापतात. एखाद्या पिशवीवरची फुलं नीट पाहिली तर पाकळ्यांच्या कडा थोड्या दुमडलेल्या दिसतात, कारण मूळ फुलं हाताने चिकटवलेली आहेत. दुकान संग्रहालयाच्या वेळेतच उघडं असतं आणि रविवारी बंद, त्यामुळे खरेदी आधी, वरचा मजला नंतर.